वचनशोधन : सभेत बोलणाऱ्याचे पहिले कर्तव्य

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्वहस्ते एकही ग्रंथ लिहिला नाही. जे सांगितले ते मुखाने सांगितले. कधी चालता चालता, कधी आसनी बसून, कधी पृच्छकाच्या एखाद्या साध्या प्रश्नाच्या निमित्ताने. आज संप्रदायाजवळ सूत्रपाठ, दृष्टांतपाठ व लीळाचरित्र या रूपाने जे शास्त्र आहे, ते मुळात बोललेले, ऐकलेले आणि स्मरणात जपलेले वचन आहे. म्हणून बोलल्या गेलेल्या शब्दाची शुद्धी कशी राखावी, हा प्रश्न महानुभावांच्या अगदी घरचा आहे. तो प्रश्न पहिल्या पिढीच्या आचार्यांनी सोडविला नसता, तर ब्रह्मविद्या आजच्या साधकापर्यंत पोचलीच नसती.

आज आश्रमात प्रवचन करणारे पुष्कळ आहेत. पंचावतार उपहारात, यात्रेत, सप्ताहात, तसेच ग्रामसभेत व सार्वजनिक व्यासपीठावरही वासनिकांना बोलण्याचे प्रसंग येतात. वक्तृत्व म्हणजे आवाज, हातवारे, पाठांतर आणि ओघ, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. हे गुण वाईट नव्हेत. तथापि ते वाहनासारखे आहेत. वाहनात काय भरले आहे हे आधी पाहिले पाहिजे. बोलण्याआधी आपलेच वचन तपासून घेणे, यास येथे वचनशोधन म्हटले आहे. प्रस्तुत लेखात संप्रदायाच्या परंपरेतून त्याची रीत पाहावयाची असून, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या इतिहासातील प्रसंग दृष्टांत म्हणून घ्यावयाचे आहेत.

सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक

केसोबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठाची रचना तीन पायऱ्यांची आहे. प्रथम सूत्र येते, म्हणजे सिद्धांत थोडक्यात मांडला जातो. मग दृष्टांत येतो, म्हणजे लोकव्यवहारातील एक परिचित प्रसंग. शेवटी दार्ष्टांतिक येते. त्या प्रसंगातील कोणता भाग सिद्धांतातील कोणत्या भागाशी जुळतो, हे त्यात उलगडून दाखविलेले असते. सूत्र व दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे.

पुष्कळ वक्ते पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. सिद्धांत सांगितला, एक गोष्ट सांगितली, श्रोते हसले अथवा गहिवरले, की सिद्धांत सिद्ध झाला असे त्यांस वाटते. परंतु गोष्ट चांगली असणे आणि ती लागू असणे या दोन भिन्न बाबी होत. चुलीच्या धुरावरून अग्नी कळतो. म्हणून सकाळच्या धुक्यावरूनही अग्नी कळेल असे कोणी म्हणू लागला, तर त्याचे उदाहरण दिसावयास धुरासारखे, पण हेतूला पोकळ ठरते. न्यायशास्त्राने अनुमानाचे पाच अवयव मानले : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यांतील उपनय म्हणजे उदाहरण प्रस्तुत विषयाला आणून जोडणे. दार्ष्टांतिकाचे कार्य जवळजवळ हेच आहे. केसोबासांनी ते वेगळे लिहिले, यावरून उदाहरणाच्या जोरावर श्रोत्याला वाहवत नेणे त्यांना मान्य नव्हते, असे दिसते.

आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. पायाला हात लागला त्यास हत्ती खांबासारखा वाटला, कानाला हात लागला त्यास सुपासारखा. यांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हता. प्रत्येकाचे वचन त्याच्या अनुभवापुरते खरेच होते. दोष एवढाच, की ज्या भागास हात लागला त्यास त्याने अवघा हत्ती म्हटले. सभेत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. वक्ता खोटे बोलतो असे क्वचितच घडते. तो अर्ध्या अनुभवास पूर्ण नाव देतो, हे मात्र नित्य घडते.

पूर्वाचार्यांची रीत

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. हे सराळ्याचे म्हाइंभट प्रथम वाद जिंकण्याच्या बुद्धीने स्वामींकडे आले होते. शास्त्रात पारंगत, बोलण्यात समर्थ, आणि त्या सामर्थ्याचा अभिमानही पुष्कळ. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकावे म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन ती वितंडा. जल्पासाठी आलेला हा पुरुष स्वामींच्या संनिधानात वादाचा अधिकारी झाला. त्यांची तर्कबुद्धी नाहीशी झाली नाही. तिचे तोंड फिरले. जी दुसऱ्याला पाडण्यासाठी होती ती स्वतःच्या हातचे काम शुद्ध करण्यासाठी लागली.

म्हाइंभट ज्याने लीळा पाहिली, ज्याने वचन ऐकले, त्याच्यापाशी गेले. स्थळ कोणते, संगती कोण होते, प्रसंग काय होता, हे त्यांनी नोंदविले. श्रीनागदेवाचार्यांच्या साक्षीने लीळा पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि भक्तांच्या स्मरणातून ग्रंथाची पुन्हा बांधणी करावी लागली. तेव्हा एकाच लीळेविषयी स्मरणे भिन्न निघाली. त्या वेळच्या पंडितांनी एक स्मरण ठेवून बाकीची पुसून टाकली नाहीत. अमुकाची वासना अशी, अमुकाची वासना तशी, असे सांगून भेद नोंदवून ठेवले. लीळाचरित्राच्या पोथ्यांतून येणारी ही वासनांची व शोधांची नोंद म्हणजे मराठी भाषेतील चिकित्सेचा एक अत्यंत प्राचीन नमुना होय. आपल्याला निश्चित ठाऊक काय, ऐकीव काय, आणि ज्याविषयी दोन मते आहेत ते काय, हे वेगवेगळे ठेवण्याची ही शिस्त आहे.

याहून पुढची पायरी प्रकरणाची. स्वामींचे कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ साहित्य संप्रदायात निर्माण झाले. प्रसंगातून तोडलेले वचन अक्षराने खरे असूनही अर्थाने खोटे होऊ शकते, ही जाण त्यामागे आहे. विरक्तास सांगितलेले गृहस्थास लावले, किंवा एकाच्या दोषावर योजिलेले औषध दुसऱ्याच्या गळी उतरविले, तर वचन तेच राहूनही निरूपण बिघडते.

तिसरी गोष्ट पृच्छेची. महदाइसा वारंवार पुसत असे. आणि स्वामींनी तिच्या पुसण्याचा कंटाळा न मानता तिच्या जिज्ञासेचा गौरवच केला. ज्या सभेत एकही महदाइसा उठून प्रश्न विचारीत नाही, त्या सभेतील वक्त्याने आपण निरुत्तर केले असे न समजता, आपण प्रश्नाची वाटच बंद केली की काय, हे पाहावे.

चौथी गोष्ट भाषेची. विद्वान शिष्यांचा ओढा संस्कृताकडे होता, तेव्हा भटोबासांनी त्यांस आवरले. संस्कृतात गेले तर परिवारातील म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, ही त्यांची चिंता होती. या निर्णयात करुणा आहे, हे सर्वजण सांगतात. त्यात चिकित्साही आहे, हे क्वचित सांगितले जाते. ज्या भाषेत श्रोता प्रश्न विचारू शकत नाही, त्या भाषेत वक्त्याची चूक झाकून राहते. श्रोत्याच्या भाषेत बोलणारा वक्ता स्वतःला तपासणीसाठी उघडा करतो.

दृष्टांत पहिला : झरी, १९४५

डहाणू व तलासरी हे आजच्या पालघर जिल्ह्यातील तालुके होत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४५ साली तलासरीचा प्रदेश उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० साली द्वैभाषिक राज्याचे विभाजन झाले तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. या भागातील वारली समाज त्या काळी वेठीच्या व ‘लग्नगडी’ पद्धतीच्या जाचात होता. लग्नासाठी काढलेल्या अल्पशा कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, ही ती पद्धत.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. तेथे या भागातून थोडे वारली आले होते. त्यांच्यापैकी झरीचे माह्या धांगडा यांनी व्यासपीठावर उभे राहून आपल्या लोकांची स्थिती सांगितली. सभेची सवय नाही, शाळेचा स्पर्श नाही. परंतु जे सांगावयाचे ते अंगावर सोसलेले होते. वक्तृत्वाच्या पुस्तकात ज्यास प्रमाण म्हणतात, ते त्यांच्यापाशी प्रत्यक्ष होते.

त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली. शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर यांनी तीत पुढाकार घेतला होता. गोदावरीबाईंनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. या लढ्याची हकीकत त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली. तो ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांच्या राजकीय मताशी येथे कर्तव्य नाही. पाहावयाचे ते एवढेच, की झरीच्या सभेतून लोक काय घेऊन घरी गेले.

ते चार गोष्टी घेऊन गेले. रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याविना जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करू नये. वेठ, म्हणजे फुकटचे काम, करू नये. मारहाण झाल्यास प्रतिकार करावा. सर्वांनी एक राहावे. विद्वत्तेचे प्रदर्शन नाही, दूरच्या देशांची वर्णने नाहीत. यांतील प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याला स्वतःच्या अनुभवाने तपासता येत होती. बारा आणे मिळाले की नाही, हे संध्याकाळी हाताच्या मुठीत कळत होते. वेठ म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. ज्या वचनाची परीक्षा श्रोता स्वतः करू शकतो, ते वचन त्याचे स्वतःचे होते आणि मग ते पाड्यापाड्यांतून आपोआप चालत जाते. झरीचा संदेश असाच चालत गेला. वेठ मोडली; लग्नगडी सुटू लागले.

दृष्टांत दुसरा : तलवाडा, १९४५

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न निघाला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी होती आणि संप सुरू झाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. गोदावरीबाईंची तलवाड्यास सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन सर्वांनी यावे, असा तो निरोप. हा निरोप खोटा होता. लढा मोडू इच्छिणाऱ्या जमीनदारांच्या बाजूने तो पसरविला गेला आणि तिकडे सरकारला वारली दंगा करण्यास जमत आहेत असे कळविले गेले, असे किसान सभेच्या नेत्यांनी नमूद करून ठेवले आहे. हजारो लोक तलवाड्यास जमले. गोदावरीबाई तेथे नव्हत्याच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. तेथे दरवर्षी त्यांचे स्मरण केले जाते.

पाच महिन्यांपूर्वी झरीस याच लोकांनी, याच नावावर विश्वास ठेवून, एक शब्द घरी नेला होता आणि त्याने त्यांची वेठ सुटली. तलवाड्यास त्याच विश्वासाने त्यांना गोळीपुढे उभे केले. विश्वास दोन्हीकडे सारखाच शुद्ध होता. जे आले ते प्रेमाने आले, आपल्या माणसाचा जीव वाचविण्यासाठी आले. त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. दोष त्यांचा, ज्यांनी खोटे वचन एका प्रिय नावाच्या पालखीत बसवून पाठविले. पण साधकाने यातून घ्यावयाचा बोध फार गंभीर आहे. असत्य स्वतःच्या पायांनी फारसे लांब जात नाही. ते कोणाच्या तरी श्रद्धेच्या खांद्यावर बसून प्रवास करते. जेवढे नाव प्रिय, तेवढी त्या नावाने आलेल्या निरोपाची परीक्षा करणे आवश्यक. आणि नेमके तेथेच परीक्षा करण्याचे मन होत नाही.

झरीचे वचन आणि तलवाड्याचा निरोप यांतील भेद बारकाईने पाहावा. झरीत बोलणारे समोर उभे होते; निरोपात बोलणारा कोण ते कळत नव्हते. झरीत सांगितले ते ऐकणाऱ्यास पडताळता येत होते; निरोपातील धोका दूर कोठे तरी होता. झरीत विचारास अवकाश होता. निरोपात घाई होती, आताच निघा असा तगादा होता. अनामिक उगम, पडताळता न येणारा मजकूर आणि घाई, ही तीन लक्षणे जेथे एकत्र येतात तेथे वचन शोधून घ्यावे.

दृष्टांत तिसरा : गडचिंचले, २०२०

हा प्रसंग सांगताना मन जड होते, तरी तो टाळता येत नाही. टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्याच्या अंतर्भागात रात्री मुले पळविणारे, शरीरातील अवयव काढून नेणारे लोक फिरत आहेत, अशी आवई तोंडातोंडी व मोबाइलवरून काही दिवस पसरत होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू व त्यांचा वाहनचालक असे तिघे मुंबईहून सुरतेकडे एका अंत्यविधीसाठी निघाले होते. गडचिंचले गावापाशी त्यांचे वाहन अडविले गेले. जमाव जमला, पोलीस आल्यानंतरही तो आवरला नाही, तिघेही मारले गेले. त्या दोघा साधूंचा पंथ वेगळा असेल. पण अनोळखी गावातून रात्री प्रवास करणारा विरक्त म्हणजे काय, हे अटनाचा आचार ज्या संप्रदायात आहे त्याला निराळे सांगावयास नको.

शोकांतिका तेथेच संपली नाही. त्या घटनेनंतर दुसरी आवई निघाली आणि ती देशभर पोचली. मारणारे अमुक धर्माचे होते, असे सांगितले जाऊ लागले. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांच्या नावांची यादी प्रसिद्ध करून त्याचे खंडन करावे लागले. पहिली आवई अडाणी माणसांची म्हणून सोडून देणारे पुष्कळ सुशिक्षित त्या दुसऱ्या आवईचे वाहक बनले होते. व्यासपीठावरून, पडद्यावरून, मोबाइलवरून ती बोलली गेली. यावरून अक्षरओळख आणि विचार या भिन्न गोष्टी आहेत, हे सिद्ध होते. गडचिंचल्याच्या रात्री ज्यांच्या हातात काठी होती त्यांचा निवाडा न्यायालयाचा. परंतु काठी हाती येण्यापूर्वी जे शब्द कित्येक तोंडांतून गेले, त्या तोंडांचा निवाडा कोणते न्यायालय करणार?

अहिंसा हा महानुभाव आचाराचा प्राण आहे. साधक पाणी गाळून घेतो, पाऊल पाहून टाकतो, सूक्ष्म जीवासही पीडा होऊ नये म्हणून जपतो. पाणी गाळण्यास वस्त्र लागते, तसे शब्द गाळण्यास विचार लागतो. न गाळलेले पाणी पिण्यात जो दोष, त्याहून न गाळलेले वचन सभेत ओतण्याचा दोष मोठा आहे, कारण ते इतरांस पाजले जाते.

एक शंका व तिचे समाधान

येथे कोणी विचारील, की परमेश्वरवचन हेच ज्याचे प्रमाण, त्याने चिकित्सा करावी कशी? चिकित्सा आली की श्रद्धा ढळते. म्हणून ही शिकवण तार्किकांची असेल, भक्तांची नव्हे.

ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट दिले पाहिजे. साधक परमेश्वरवचनाची परीक्षा करीत नाही, हे खरे. परंतु तीन गोष्टींची परीक्षा त्याला केलीच पाहिजे. हे वचन खरोखर त्यांचेच आहे काय? आपल्याला त्याचा अर्थ प्रकरणासह कळला आहे काय? आणि आज समोर असलेल्या विषयास ते लागू आहे काय? या तिन्ही प्रश्नांत संशय वचनावर नसून स्वतःच्या ऐकण्यावर, समजण्यावर व योजण्यावर आहे. म्हाइंभटांहून अधिक श्रद्धावान कोण? तरीही त्यांनी साक्षी शोधल्या. श्रद्धा नसती तर त्यांनी हा खटाटोप केलाच नसता. ज्याला वस्तू मोलाची वाटते तोच ती पारखून घेतो. कवडी कोणी कसोटीवर घाशीत नाही.

उलटपक्षी, स्वतःची समजूत सर्वज्ञांच्या नावावर खपविणारा वक्ता श्रद्धेचा भास निर्माण करून श्रद्धेलाच धोका देतो. तलवाड्याचा निरोप कसा फिरला, हे आठवावे.

दार्ष्टांतिक : वक्त्याने काय करावे

वरील दृष्टांतांतील अंश आता वक्त्याच्या आचाराशी जोडून पाहू जाता पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, उगमाची. जे सांगावयाचे त्याच्यापुढे मनात तीनपैकी एक खूण करावी : पाहिलेले, प्रमाण ग्रंथात वाचलेले, अथवा ऐकलेले. ऐकलेले असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. ‘असे ऐकिवात आहे’ या तीन शब्दांनी वक्त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, आणि श्रोता सावध राहतो.

दुसरी, हेतूची. मांडलेल्या निष्कर्षास आधार कोणता, आणि तोच आधार दुसऱ्या एखाद्या निष्कर्षासही पुरतो काय, हे पाहावे. अनोळखी माणूस रात्री गावातून जात आहे, या एका गोष्टीवरून तो चोर, असे ठरते. तो वाट चुकलेला, असेही ठरते. तो कोणाच्या अंत्ययात्रेस निघालेला, असेही ठरू शकते. जो आधार तिन्हींना पुरतो तो एकालाही सिद्ध करीत नाही.

तिसरी, प्रतिपक्षाची. आपल्या मताविरुद्ध बोलणारा सर्वांत समंजस माणूस काय म्हणेल, हे बोलण्यापूर्वी लिहून काढावे, आणि ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहावे. डहाणूत याचा एक जिवंत विषय आहे. वाढवण येथील बंदरास डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली सशर्त अनुमती दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली. मच्छीमार, बागायतदार, रोजगार इच्छिणारे तरुण, व्यापारी, प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव आहे. अशा सभेत एखाद्या बाजूने बोलणे मुळीच अयोग्य नाही. मात्र दुसऱ्याच्या हाती जे लागले आहे ते नाहीच, असे बोलणे अयोग्य. १९९८ चा निर्णय सांगणाऱ्याने २०२३ चा सांगावा, २०२३ चा सांगणाऱ्याने १९९८ चाही सांगावा, आणि मग या दोहोंच्या मध्ये काय बदलले यावर आपली मांडणी करावी. असा वक्ता जिंको वा न जिंको, सभा त्याच्यामुळे शहाणी होते.

चौथी, भाषेची. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार दिलेले आहेत. ज्या सभेस निर्णयाचा अधिकार आहे, तिच्यात वारली बोलणाऱ्या वृद्धेला न कळणाऱ्या कार्यालयीन मराठीत ठराव वाचून संमती घेणे म्हणजे संमतीचा देखावा होय. भटोबासांची म्हातारी तेथेही बसलेली आहे, हे वक्त्याने विसरू नये.

पाचवी, भावनेची. भावना वर्ज्य नाही. माह्या धांगडा यांच्या बोलण्यात भावना असेलच. परंतु ती सत्यामागून आली पाहिजे. आधी वस्तुस्थिती मांडावी, मग तिच्यातून जो भाव उमटेल तो उमटू द्यावा. वस्तुस्थिती न सांगता प्रथमच राग वा भय उत्पन्न करणे म्हणजे श्रोत्याचे डोळे बांधून त्याला चालावयास सांगणे आहे.

सहावी, पृच्छेची. भाषणानंतर प्रश्नांस वेळ ठेवावा. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. पुढील खेपेस शोधून सांगावे, आणि खरोखरच सांगावे. चूक निघाली तर ज्या सभेत ती बोलली गेली त्याच सभेत ती मागे घ्यावी. एकांतात कबूल केलेली चूक सभेत मोकळीच फिरत राहते.

श्रोत्याचे कर्तव्य

वक्त्यावर सर्व भार टाकून श्रोता मोकळा होत नाही. ऐकणारा प्रत्येक जण पुढच्या क्षणी सांगणारा होतो. घरी जाऊन सांगतो, यंत्रावर अंगठा दाबून शंभरांस पाठवितो. पूर्वी निरोप पाड्यावरून पाड्यावर जाण्यास रात्र लागे, आणि त्या रात्रीत कोणी तरी विचार करण्याची संधी असे. आता ती रात्र उरली नाही. म्हणून ती साधकाने स्वतः निर्माण करावी. मन क्षुब्ध करणारे वचन कानी आले की ते निदान एक नामस्मरण पूर्ण होईपर्यंत आपल्यापाशी ठेवावे. स्मरणाने चित्त स्थिर होते, आणि स्थिर चित्ताला तलवाड्याची तिन्ही लक्षणे सहज दिसतात.

सूत्रपाठात विचार प्रकरण आधी येते व आचार प्रकरण मागून. बोलणे हाही आचारच आहे. तेव्हा त्याच्याही आधी विचार असावा, हे त्या क्रमातून साधकाने सहज घ्यावे. झरीस गेलेला शब्द आणि तलवाड्यास गेलेला शब्द, दोन्ही त्याच रानवाटांनी, त्याच माणसांच्या मुखांतून गेले. एकाने माणसे सुटली, दुसऱ्याने पाच माणसे गेली. उद्या आपल्या मुखातून निघणारा शब्द या दोहोंपैकी कोणत्या वाटेचा, हे तो निघण्यापूर्वीच पाहता येते, निघाल्यावर नाही.

मननार्थ प्रश्न

१. दृष्टांत व दार्ष्टांतिक यांतील भेद सांगून, नुकत्याच ऐकलेल्या एका प्रवचनातील उदाहरण प्रस्तुत विषयास किती अंशी लागू होते, ते तपासावे.

२. लीळाचरित्रातील वासनांची नोंद पूर्वाचार्यांनी का राखली? एकच पाठ ठेवला असता तर काय हानी झाली असती?

३. झरी येथील संदेश व तलवाड्याचा निरोप यांची तुलना उगम, पडताळा व अवकाश या तीन अंगांनी करावी.

४. गेल्या महिन्यात आपण इतरांस सांगितलेल्या अथवा पाठविलेल्या वार्तांपैकी पाहिलेल्या किती, प्रमाण ग्रंथातील किती व केवळ ऐकलेल्या किती, याची मोजणी करावी.

५. श्रद्धा व चिकित्सा परस्परविरोधी नाहीत, हे म्हाइंभटांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करावे.

दंडवत प्रणाम.